गव्हाच्या दाण्यात झिंक-लोह किती ते वाण ठरवतं: ठाण्यात राहून चांगला गहू कसा शोधायचा, तपासायचा आणि त्यातलं सत्त्व ताटापर्यंत कसं आणायचं

मार्च लागला की आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत एकच विषय सुरू होतो, यंदा गहू कुठून भरायचा. कोणी जांभळी नाक्यावरून आणतं, कोणी वाशीच्या एपीएमसीतून पोती आणून चौघात वाटून घेतं, आणि सगळ्यांची परीक्षा एकच, पोळी मऊ होते का आणि दुसऱ्या दिवशी डब्यात वातड होते का. मीही इतकी वर्षं तेवढंच बघायचे. मग मुलीचं हिमोग्लोबिन खाली आलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेतल्याच, पण माझ्या डोक्यात एक प्रश्न अडकून बसला की घरात रोज पंचवीस-तीस पोळ्या लाटल्या जातात त्यातून लोह, झिंक नेमकं किती जातं पोटात? आणि सगळ्या गव्हातून सारखंच जातं का?

उत्तर आहे, नाही, सारखं जात नाही. आणि फरक थोडाथोडका नाहीये. कॉलेजात बॉटनी केलं होतं त्याचा इथे उपयोग झाला. गेली तीन वर्षं आम्ही काही घरं मिळून जे करतोय ते सगळं इथे पायरीपायरीने लिहितेय, म्हणजे तुम्हाला आमच्या चुका परत करायला नकोत.

पहिलं: पीपीएम म्हणजे काय ते पक्कं करून घ्या

गव्हातलं लोह आणि झिंक पीपीएममध्ये सांगतात. एक पीपीएम म्हणजे एक किलोत एक मिलिग्रॅम, बस, यापलीकडे काही नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या लोकप्रिय वाणांत लोह साधारण २८ ते ३२ आणि झिंक ३० ते ३२ पीपीएम धरतात. समजा एक माणूस दिवसाला सहा पोळ्या खातो, म्हणजे अंदाजे २०० ग्रॅम कणीक. ३० पीपीएमचा गहू असेल तर त्यातून ६ मिलिग्रॅम झिंक आलं. गहू ४४ पीपीएमचा असेल तर ८.८. पोळ्या तेवढ्याच, गॅस तेवढाच, मेहनत तेवढीच, पण पावणेतीन मिलिग्रॅम जास्त.

आता याच्या शेजारी गरज ठेवा. आयसीएमआर-एनआयएनच्या, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला १३.२ मिलिग्रॅम झिंक लागतं आणि पुरुषाला १७. लोह बाईला २९ आणि पुरुषाला १९. म्हणजे झिंकच्या बाबतीत नुसता गहू बदलल्याने बाईच्या गरजेचा पाचवा हिस्सा जास्तीचा मिळाला. लोहाच्या बाबतीत गहू एकटा पुरणार नाही हेही याच आकड्यांतून दिसतं, त्यामुळे कोणी तुम्हाला "हा गहू खा, ॲनिमिया जाईल" असं सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया निघालाय. इतका मोठा प्रश्न एका धान्याने सुटणारा नाही, पण जे धान्य रोज दोन वेळा ताटात येतं ते निदान चांगलं का नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

फरक येतो कुठून: इथे जरा वेळ द्या, पुढचं सगळं यावर उभं आहे

आपण खातो तो साधा गहू म्हणजे तीन गवतांचा मिळून झालेला संसार आहे. ए, बी आणि डी असे तीन जीनोम, म्हणजे जीन्सचे तीन पूर्ण संच, त्याच्यात एकत्र नांदतात. खपली आणि बन्सी (रव्या-शेवयांचा कडक गहू) यांच्यात फक्त ए आणि बी. काही हजार वर्षांपूर्वी खपलीच्या जातीतल्या एका लागवडीच्या गव्हाचा एजिलॉप्स टॉशाय नावाच्या रानगवताशी संकर झाला आणि त्यातून पोळीचा गहू आला. असे संकर फार थोडे झाले, म्हणून साध्या गव्हाकडे वारशातच वैविध्य कमी आलं. त्यावर आपण माणसांनी पिढ्यानपिढ्या उत्पन्न बघून बियाणं निवडलं. दाण्यात झिंक किती हे डोळ्याला दिसत नाही, मग ते निवडणार कोण.

जंगली नातेवाइकांकडे मात्र खजिना आहे. रानटी एमर, म्हणजे आपल्या खपलीचा पूर्वज, याचे शेकडो नमुने तपासले तेव्हा झिंक १४ पासून १९० पीपीएमपर्यंत आणि लोह १५ पासून १०९ पर्यंत सापडलं. मेक्सिकोच्या सिमिट या गहू-मका संशोधन संस्थेत लागवडीचे आणि संग्रहातले गहू एकाच शेतात लावून मोजले तर झिंक साधारण २५ ते ५३ आणि लोह २९ ते ५६. एकच शेत, एकच पाणी, तरी दुप्पट फरक, म्हणजे हा फरक मातीचा नाही, जीन्सचा आहे.

यातल्या एका जीनची गोष्ट मला फार आवडते. रानटी एमरमध्ये ६बी गुणसूत्रावर एनएएम-बी१ नावाचा जीन असतो, तो २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी नेमका शोधून वेगळा काढला. हा जीन चालू असला की दाणे भरताना पानं लवकर पिवळी पडतात आणि पानांत साठलेलं नायट्रोजन, लोह, झिंक ओंबीकडे वळतं. आईने स्वतःचं ताट लेकराच्या ताटात रिकामं करावं तसं. आपल्या बहुतेक आधुनिक गव्हांत हा जीन बिघडलेल्या अवस्थेत आहे, पानं हिरवी राहतात आणि बराचसा साठा काडातच राहून जातो. प्रयोगात या जीनचं आणि त्याच्या भावंड जीन्सचं काम दाबलं तेव्हा पानं तीन आठवड्यांहून जास्त उशिरा वाळली आणि दाण्यातलं प्रोटीन, झिंक, लोह ३० टक्क्यांहून जास्त घटलं.

पण एकाच जीनवर सगळं नाहीये. मुळांनी जमिनीतून किती ओढलं, खोडातून किती वर चढलं, पानांतून किती सुटलं, दाण्याने किती घेतलं, प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळे जीन्स थोडं थोडं काम करतात. गव्हाची मुळं मातीत एक आम्ल सोडतात, ते मातीच्या कणांना धरून बसलेलं लोह-झिंक सोडवून आणतं, आणि हे आम्ल कोणता वाण किती सोडतो यातही फरक असतो. बन्सीसारखे कडक गहू झिंक कमी असलेल्या जमिनीत साध्या गव्हापेक्षा जास्त हाल सोसतात. एक चांगली गोष्ट अशी की लोह आणि झिंक दाण्यात बऱ्याचदा जोडीने वाढतात, त्यामुळे पैदासकारांना दोन्ही एकत्र वाढवता येतात.

मग हरितक्रांतीत काय झालं? इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतात गहू पेरतात आणि दरवर्षीचे दाणे, माती जपून ठेवतात. ते जुने नमुने काढून मोजले तर १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातलं झिंक, लोह, तांबं जवळपास स्थिर, आणि बुटके वाण आले तिथून घसरण. मातीतलं मात्र कमी झालेलं नव्हतं. बुटक्या झाडाने दाणे खूप दिले, पण तेवढंच झिंक जास्त दाण्यांत वाटलं गेलं. बुटक्या वाणांना मी दोष देणार नाही, माझ्या आजीच्या पिढीने रेशनच्या रांगेत जे सोसलं ते बघता पोट भरणं पहिलं होतं. पण आता पोट भरतंय, तर दाण्यात काय आहे हे विचारायची वेळ आलीय.

दुसरं: दुकानातलं नाव आणि वाण, यात गल्लत करू नका

ही सगळ्यात मोठी अडचण. दुकानात पाटी असते शरबती, सिहोर, लोकवन, एमपी, बन्सी, खपली. यातली काही गावाची नावं, काही प्रतीची, काही खरोखर वाणाची. शरबती म्हणजे चकाकी असलेला सोनेरी दाणा, त्या नावाखाली सी ३०६ पण येतो, सुजाता पण येतो आणि बरेच दुसरेही येतात. लोकवन हा मात्र मुळात खरा वाण, गुजरातमधल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेचा लोक-१, पण आज तसा दिसणारा कुठलाही गहू त्या नावाने खपतो. दुकानदार फसवतोच असं नाही, त्यालाही वरून तसंच आलेलं असतं.

म्हणून पाटी वाचून झिंक कळणार नाही, किमतीवरून तर अजिबात नाही. शरबतीचा भाव चकाकी, गोडवा आणि पोळीचा आहे. दाण्याच्या रंगावरून, आकारावरून सुद्धा कळत नाही. उलट एक फसवं प्रकरण सांगते, बारीक सुरकुतलेला दाणा असेल तर पीपीएम जास्त दिसू शकतो, कारण आत पिठूळ भाग भरलाच नाही आणि कोंड्याचा वाटा वाढला. तो काही चांगला वाण नाही, तो उपाशी राहिलेला दाणा आहे.

खपलीबद्दल मला नेहमी विचारतात. खपली चवीला छान, पचायला बरी वाटते अनेकांना, आणि तिच्यात खनिजं चांगली असू शकतात, पण खपली म्हटलं की आपोआप जास्त असं नाही, तिच्यातही वाणावाणांत आणि शेताशेतांत फरक आहेच. आणि तिच्यात ग्लुटेन असतंच. सीलिॲकच्या पेशंटला खपली चालत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

तिसरं: कोणते वाण मागायचे

हे आकडे वाण प्रसारित करताना जाहीर झालेले आहेत, वहीत उतरवून घ्या.

एमएसीएस ६४७८, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा, पोळीचा गहू. झिंक ४४.१, लोह ४२.८ पीपीएम, प्रोटीन १४ टक्के. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी हा लावून उत्पन्न दुप्पट केल्याचं गाजलं होतं. महाराष्ट्रातल्या बागायती शेतकऱ्याकडे मिळण्यासारखा आणि पोळीला उत्तम, म्हणून आमची पहिली पसंती हाच. (एमएसीएस म्हणजे महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, आघारकर संस्थेचं मूळ नाव, १९४६ पासूनचं.)

एमएसीएस ४०२८, त्याच संस्थेचा पण बन्सी प्रकारातला, कोरडवाहूसाठी. लोह ४६.१, झिंक ४०.३, प्रोटीन १४.७ टक्के. लापशी, रवा, शेवया, लाडवासाठी मस्त. पोळी जरा पिवळसर आणि कडक होते, थोडा साधा गहू मिसळा.

पुसा उजाळा म्हणजे एचआय १६०५, कमी पाण्यातला पोळीचा गहू, लोह ४३, झिंक ३५. एचआय ८७७७ बन्सी प्रकारातला, लोह ४८.७ आणि झिंक ४३.६. पुसा तेजस म्हणजे एचआय ८७५९, हा मध्य प्रदेशकडे जास्त, लोह ४१.१ आणि झिंक ४२.८, हाही बन्सी प्रकारच.

उत्तरेकडचे डब्ल्यूबी ०२ (झिंक ४२, लोह ४०) आणि एचपीबीडब्ल्यू ०१ (लोह ४०, झिंक ४०.६) २०१७ चे. डब्ल्यूबी ०२ च्या वंशावळीत एमर आणि एजिलॉप्स यांचा मुद्दाम केलेला संकर आहे, म्हणजे जो संकर निसर्गात फार थोड्या वेळा झाला तो शास्त्रज्ञांनी नव्याने घडवून हरवलेले जीन्स परत आणले. हे सगळे साध्या पैदाशीचे गहू आहेत, जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जीन्स बदललेले, नाहीत. आमच्या ग्रुपमध्ये एका काकांनी त्यावरून फार काळजी केली होती म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि हे फोर्टिफाइड आट्यापेक्षा वेगळं आहे. पिशवीवर निळा "+एफ" असेल तर त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी१२ बाहेरून मिसळलंय. तेही वाईट नाही, पण तिथे वाणाचा संबंध नाही.

चौथं: मिळवायचं कुठून

वाशीच्या दाणा मार्केटमध्ये गेलात तर गाळ्यावर वाणाचं नाव विचारा, नुसतं "एमपी का" असं नाही. आम्हाला तिथे बहुतेकांनी प्रतच सांगितली, एकदोघांनी मात्र माल कुठल्या मंडीतून आला ते नीट सांगितलं. मोठ्या मार्केटमध्ये अनेक शेतांचा गहू एकत्र होतो, त्यामुळे तिथे वाण शुद्ध मिळेल ही अपेक्षा धरू नका.

खरा मार्ग म्हणजे शेतकरी. ठाण्या-नवी मुंबईत घाटावरचा नातेवाईक नाही असं घर विरळच, कोणाचा भाऊ सिन्नरला, कोणाची मावशी फलटणला. माझे दीर कोरेगाव तालुक्यात आहेत. त्यांना मी मार्चमध्ये नाही, ऑक्टोबरमध्येच फोन करते, कारण पेरणी नोव्हेंबरात, आणि एकदा पेरलं की मग वाण बदलता येत नाही. सांगायचं काय तर: प्रमाणित बियाणं घ्या, पिशवीवरचा निळा टॅग आणि बिलाचा फोटो पाठवा, आणि आम्ही चौदा घरं मिळून इतके क्विंटल घेऊ, बाजारभावापेक्षा किलोला थोडं जास्तच देऊ. शेवटचं वाक्य सोडू नका. शेतकऱ्याने वाण वेगळा ठेवायचा, मळणीयंत्र आधी साफ करायचं, पोती वेगळी बांधायची, याला कष्ट पडतात, त्याचे पैसे द्यायलाच हवेत.

आता माती. वाण ही भांड्याची क्षमता आहे, भरणार मातीच. पहिल्या वर्षी आमचा रिपोर्ट आला तेव्हा झिंक जाहीर आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं आणि माझा जीव खट्टू झाला. दिरांनी माती तपासली, तर मातीतच झिंक कमी. डीटीपीए नावाच्या माती तपासणीच्या पद्धतीने ०.६ पीपीएमच्या खाली आलं तर जमीन झिंकला कमी पडते असं धरतात. मग त्यांनी कृषी सहायकांना विचारून पेरणीवेळी एकरी १० किलो झिंक सल्फेट दिलं आणि दोन फवारण्या केल्या, एक ओंबी बाहेर पडताना आणि एक दाणे चिकात असताना, ०.५ टक्के म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, त्यात निम्मा चुना. फवारणीचा झिंक थेट दाण्यात दिसतो. लोहाचं तसं नाही, लोह फवारून दाण्यात फारसं वाढत नाही, तिथे वाणावरच मदार. आणि डीएपी, सुपर फॉस्फेट वारेमाप टाकलं तर झाडाला झिंक घेता येत नाही, हेही सांगा.

सेलेनियम या दुसऱ्या खनिजाचं गणित तर पूर्णच उलटं, त्यात वाणापेक्षा माती मोठी. पंजाबच्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात काही ठिकाणी मातीतच सेलेनियम जास्त आहे आणि ते गव्हात उतरतं. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक केस गळायला लागले तेव्हा गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं गेलं होतं ते आठवत असेल. म्हणून "खनिज जास्त ते चांगलं" हे डोळे झाकून सगळ्याला लावू नका.

पाचवं: तपासणी, आणि आमची चूक

चौदा घरांत खर्च वाटला तर तपासणी परवडते. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब बघा, आणि नुसती मान्यता नाही तर धान्यातलं लोह आणि झिंक त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते एनएबीएलच्या साइटवर बघून घ्या. पद्धत आयसीपी किंवा एएएस (धातू मोजायच्या यंत्रांच्या पद्धती) असली पाहिजे. रिपोर्टमध्ये ओलावा किती तेही मागा, नाहीतर दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

आमची चूक अशी झाली की पहिल्यांदा आम्ही गिरणीतून दळलेलं पीठ दिलं. लोह इतकं आलं की ग्रुपवर आनंदीआनंद, कोणी तर पेढ्यांची भाषा केली. दोन दिवसांनी मला शंका आली म्हणून त्याच पोत्यातले अख्खे दाणे दिले तर आकडा पार खाली. जास्तीचं लोह गिरणीच्या घासलेल्या लोखंडाचं आणि दाण्याला चिकटलेल्या मातीचं होतं. मातीत लोह भरपूर असतं, चिमूटभर धूळसुद्धा आकडा फुगवते. संशोधक म्हणूनच सोबत ॲल्युमिनियम मोजतात, कारण दाण्यात ते जवळपास नसतं, जास्त निघालं की समजायचं धूळ आहे. तुम्हीही लॅबला ॲल्युमिनियम करायला सांगा, थोडे पैसे जास्त जातील पण रिपोर्टवर विश्वास ठेवता येईल.

नमुना असा काढा. एकाच पोत्याच्या तोंडातून मूठ भरू नका. प्रत्येक पोत्याच्या वर, मध्ये, तळाशी बंबू (पोत्यातून धान्य काढायची टोकदार नळी) घालून थोडा थोडा गहू काढा, सगळा स्वच्छ कापडावर एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन परत पोत्यात, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. खडे, तुटके दाणे, काळपट दाणे निवडून टाका. लोखंडी डबा, लोखंडी चाळणी नको, प्लास्टिकची झिपची पिशवी घ्या. धुतलात तर झटकन धुऊन लगेच वाळवा, भिजत ठेवू नका.

साठवण थोडक्यात

खनिजं साठवून कमी होत नाहीत, त्याची चिंता नको. चिंता किडीची आणि आपल्याकडच्या दमट हवेची. एप्रिलच्या कडक उन्हात दोन दिवस गच्चीवर दाखवा, गार झाल्यावरच कोठीत भरा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला किंवा एरंडेल चोळा. सल्फासच्या (धान्यातल्या किडीसाठीच्या विषारी) गोळ्या घरात आणायच्याच नाहीत, त्या गॅसने माणसं दगावतात.

सहावं: गिरणी आणि चाळणी, इथे सगळं वाचतं किंवा सगळं जातं

झिंक आणि लोह दाण्यात सारखं पसरलेलं नसतं. कोंड्याखालचा एक पातळ थर आणि दाण्याचा कोंब, इथेच बहुतेक सगळं. आतला पांढरा भाग म्हणजे मुख्यतः पिठूळ. म्हणून मैद्यात यातलं बरंचसं निघून जातं, कितीही भारी वाण असला तरी. तुम्ही ऑक्टोबरपासून फोन करून, फवारणी करवून, ४४ पीपीएमचा गहू आणला आणि घरी सपिटाच्या चाळणीने चाळून कोंडा कुंडीत टाकलात, तर ती सगळी मेहनत तुळशीला गेली. माझ्या सासूबाई बारीक चाळायच्या, त्यांना पोळी पांढरी लागायची. मी भांडले नाही, गिरणीवाल्या दादांना बारीक दळायला सांगितलं, कोंडा पिठात मुरला, पोळी मऊ झाली, आता त्या फक्त मोठ्या भोकाच्या चाळणीने काडीकचरा बघतात.

एकदम महिन्याचं दळू नका. कोंबात तेल असतं, पीठ खवट होतं, दर दहा-पंधरा दिवसांनी दळा. गिरणीत आपल्या आधी ज्वारी-बाजरी गेली असेल तर काही बिघडत नाही, पण आधी बेसन गेलं असेल तर थोडं थांबा.

कुरडया घालताय? गहू तीन दिवस भिजवून चीक काढतो आपण, तो चीक म्हणजे निव्वळ पिठूळ भाग, झिंक चोथ्यात राहतं. कुरडई आवडीने खा, पण त्यासाठी हा खास गहू वापरू नका, साधा वापरा. आणि चोथा टाकू नका, त्यात तीळ, तिखट, मीठ घालून सांडगे घाला, आमच्याकडे ते कुरडयांच्या आधी संपतात.

सातवं: कणीक भिजवणं आणि ताट

आता अडचण अशी की ज्या थरात झिंक असतं त्याच थरात फायटिक ॲसिड असतं आणि ते झिंक-लोहाला घट्ट धरून ठेवतं. हिशोब बघा. १०० ग्रॅम गव्हात अंदाजे ८०० मिलिग्रॅम फायटिक ॲसिड धरलं आणि झिंक ३० पीपीएम असेल, तर झिंकच्या एका अणूमागे फायटिक ॲसिडचे सुमारे २६ रेणू पडतात. १५ च्या वर गेलं की झिंक नीट शोषलं जात नाही असं मानतात. झिंक ४२ असेल तर तेच गुणोत्तर १९ वर येतं. म्हणजे वाण बदलल्याने नुसतं झिंक वाढत नाही, त्याच्यावरची पकडही सैल होते. मेक्सिकोत बायकांवर केलेल्या एका अभ्यासात ४१ पीपीएम झिंकच्या गव्हाच्या पोळ्यांतून, म्हणजे त्यांच्या टॉर्टियातून, दिवसाला २.१ मिलिग्रॅम झिंक अंगी लागलं, आणि २४ पीपीएमच्या गव्हातून १.६.

उरलेली पकड आपण स्वयंपाकघरात सैल करायची. गव्हातच फायटेज नावाचं एन्झाइम असतं, ते ओलावा आणि थोडा आंबटपणा मिळाला की फायटिक ॲसिड तोडायला लागतं. त्यामुळे कणीक भिजवली आणि लगेच लाटली असं न करता निदान तासदोन तास झाकून ठेवा. सकाळी डब्याची घाई असेल तर रात्री कमी पाण्यात घट्ट भिजवून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी थोडा वेळ बाहेर काढा. आंबवलेल्या पिठात हे काम जास्त चांगलं होतं, म्हणून आठवड्यातून एकदा मी गव्हाच्या पिठाचे आंबवलेले धिरडे करते. मोड आणून वाळवून दळलेला गहू असेल तर उत्तमच, लहान बाळांसाठी आपल्याकडे हे पूर्वापार करतातच.

पोळीबरोबर लिंबू पिळा, आवळ्याचं लोणचं, टोमॅटोची कोशिंबीर, काहीतरी व्हिटॅमिन सी असू दे, लोह शोषायला मदत होते. आणि चहा-चपाती हा जो आपला सकाळचा लाडका नाश्ता आहे ना, तो लोहाच्या मुळावर येतो, चहातले टॅनिन लोह अडवतात. चहा सोडा असं मी सांगत नाही, माझ्याच्याने होणार नाही ते, पण पोळी आणि चहा यात तासभर अंतर ठेवा.

अपेक्षा किती ठेवायची

मुलीचं हिमोग्लोबिन आता बरं आहे, पण ते गोळ्यांनी सुधारलं, गव्हाने नाही, हे सरळ सांगते. दिल्लीत मुलांना आणि आयांना सहा महिने जास्त झिंकचा गहू देऊन केलेल्या चाचणीत रक्तातल्या झिंकच्या आकड्यात ठळक फरक दिसला नाही, पण मुलांचे न्यूमोनियाचे आणि उलट्यांचे दिवस कमी झाले. म्हणजे गव्हाचं काम असं हळू, पाया भरण्याचं आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करा, आणि थॅलेसेमिया मायनरची तपासणीही करून घ्या, कारण तसं निघालं तर लोहाच्या गोळ्या मनाने घेणं योग्य नाही.

आणि एक काम दरवर्षी विसरू नका. गहू कोठीत भरण्याआधी त्यातला अर्धा किलो काचेच्या बरणीत वेगळा ठेवा, वर चिठ्ठी लावा: वाण, गाव, पेरणीचं वर्ष, फवारणी केली की नाही, लॅबचा आकडा. माझ्या माळ्यावर आता अशा तीन बरण्या आहेत, आणि ऑक्टोबरमध्ये दिरांना फोन लावताना त्या समोर घेऊनच बसते.